मिरचीचा फवारा



आज ज्या वस्तूविषयीं मी बोलणार आहें ती हल्लीं पुष्कळ घरांतून दिसूं लागली आहे. मुलगी महाविद्यालयांत जाऊं लागली, किंवा सुनेला रात्रपाळीची नोकरी लागली, म्हणजे बाजारांतून एक बोटभर लांबीची डबी आणली जाते, ती तिच्या स्वाधीन केली जाते, आणि घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या जिवाला थोडा आधार वाटूं लागतो. या डबीला सर्वजण पेपर स्प्रे म्हणतात. २०१२ सालच्या डिसेंबरांत दिल्लीस जें घोर कृत्य घडलें, त्यानंतर आपल्या देशांत तिचा प्रसार विशेष झाला. ती बाळगणाऱ्यांस मी नांवें ठेवीत नाहीं. किंबहुना ती जवळ असावी असेंच माझें मत आहे. परंतु ज्यांनीं ती घेतली त्यांतील बहुतेकांनीं तिचा खटका एकदांही सरकवून पाहिलेला नसतो, आणि तिच्या अंगावरील बारीक अक्षरें तर कोणींच वाचलेलीं नसतात. देवघरांतल्या ताइताप्रमाणें ती पिशवींत पडून असते. ताईत आणि शस्त्र यांत फरक आहे, आणि तो फरक सांगण्यासाठींच आजचें हें भाषण आहे.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर करूं. इंग्रजींत पेपर म्हणजे मिरें. या डबींत मिऱ्याचा कणही नसतो. असते ती मिरची. पंधराव्या शतकाच्या अखेरीस कोलंबस पूर्वेकडील मसाल्यांच्या शोधांत निघाला आणि अमेरिकेच्या बेटांवर जाऊन पोंचला. तेथें त्याला मिरें मिळालें नाहीं, पण एक झणझणीत फळ मिळालें, आणि मिऱ्यांच्या हांवेपायीं युरोपीय लोकांनीं त्या फळालाही मिऱ्याचेंच नांव चिकटविलें. तीच मिरची पुढें पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली. ठेच्यावांचून भाकरी गिळत नाहीं असें म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हें ऐकून नवल वाटेल कीं, ज्ञानेश्वरांच्या काळीं महाराष्ट्रांत मिरची नव्हती. त्या काळचा तिखटपणा मिऱ्यांचा, आल्याचा आणि पिंपळीचा.

मिरचींतील तिखट द्रव्याला कॅप्सेसिन म्हणतात. १८७६ सालीं थ्रेश नांवाच्या इंग्रज रसायनज्ञानें त्याला हें नांव दिलें. आपल्या स्वयंपाकघरांत अशी समजूत आहे कीं तिखटपणा बियांत असतो. वस्तुतः बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेंत तो उत्पन्न होतो, आणि बियांना तो केवळ शेजाराच्या गुणानें लागतो. या द्रव्याची गंमत अशी कीं, तें कांहीं जाळीत नाहीं. आपल्या अंगांतील कांहीं मज्जातंतूंच्या टोकांवर भाजल्याची वर्दी देणारीं सूक्ष्म द्वारें असतात. सुमारें ४३ अंश सेल्सिअसच्या पुढें उष्णता गेली कीं तीं उघडतात आणि मेंदूला निरोप जातो कीं हात भाजतो आहे, मागें घे. कॅप्सेसिन ही त्याच दाराची बनावट किल्ली आहे. विस्तव नसतांना ती दार उघडते आणि मेंदू विस्तव आहे असें धरून चालतो. डेव्हिड ज्यूलियस या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९९७ सालीं हें द्वार ओळखलें आणि २०२१ सालीं त्याला नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. पक्ष्यांच्या अंगीं हें द्वार असतें, पण या किल्लीनें तें उघडत नाहीं. म्हणून पिंजऱ्यांतला पोपट लाल मिरची इतक्या समाधानानें खातो.

आतां डबींत काय असतें तें पाहूं. वाळलेल्या मिरच्यांतून एक दाट, तांबूस, तेलकट अर्क काढतात. तो अर्क पातळ द्रवांत मिसळून, दाबाखालील वायूबरोबर डबींत कोंडतात. कळ दाबली कीं धार किंवा तुषार बाहेर पडतात. हा अर्क तेलकट असल्यामुळें कातडीला चिकटतो आणि पाण्याच्या चार थेंबांनीं जात नाहीं. तो डोळ्यांत गेला कीं पापण्या आपोआप मिटतात. मनुष्य कितीही धीट असला तरी त्या मिटतातच, कारण तो इच्छेचा विषय नाहीं. नाकांत व घशांत गेला कीं ठसक्यावर ठसका येतो. उन्हाळ्यांत मिरच्या डंखावर कुटावयास नेतात तेथें जो कधीं उभा राहिला असेल त्याला याची थोडी कल्पना येईल. ती दसपट करावी म्हणजे झालें. हा त्रास साधारणपणें अर्धा-पाऊण तास टिकतो आणि बहुधा मागें कांहीं न ठेवतां जातो. मात्र ज्याला दमा आहे त्याच्या बाबतींत गोष्ट गंभीर होऊं शकते.

डबीवर दहा टक्के, पंधरा टक्के असे आंकडे छापलेले असतात आणि मोठा आंकडा पाहून गिऱ्हाईक खूष होतें. तो आंकडा अर्काच्या प्रमाणाचा असतो. परंतु अर्क किती आहे यापेक्षां त्या अर्कांत तिखट द्रव्य किती आहे यावर सारें अवलंबून असतें. फिक्या मिरचीचा शेरभर अर्कही लवंगी मिरचीच्या पावशेराला भारी पडत नाहीं. डबीवर कॅप्सेसिनचें किंवा कॅप्सेसिनॉइडचें प्रमाण वेगळें दिलें असेल तर तें वाचावें. एक-सव्वा टक्का हें प्रमाण बरेंच जबर समजतात.

कोणी म्हणेल, एवढें कशाला, घरची तिखटाची पुरचुंडी जवळ ठेवली तर काय बिघडलें? आपल्या आज्या तेंच करीत, आणि संकटांत जें हातीं येईल तें वापरावेंच. पण पुरचुंडी सोडून मूठ भरावी लागते, मूठ फेंकतांना वारा बदलला तर तिखट फेंकणाराच्याच डोळ्यांत येतें, आणि दोन हातांपलीकडे तें धड जात नाहीं. अत्तराच्या रिकाम्या बाटलींत तिखटाचें पाणी भरण्याची युक्तीही पुष्कळांनीं ऐकली असेल. त्या बाटलीचें तोंड गाळानें बुजतें, आणि तें नेमकें केव्हां बुजलें हें वेळ आल्यावरच कळतें.

असले फवारे मूळचे अमेरिकेचे. १९६५ सालीं पिट्सबर्ग शहरांतील अॅलन लिटमन नांवाच्या गृहस्थानें प्रथम अश्रुवायूचें द्रव्य लहान डबींत भरलें. त्यांत मिरची नव्हती. मिरचीचा अर्क तिकडे टपालवाले कुत्र्यांवर वापरीत आणि पुढें रानांत हिंडणारे लोक अस्वलांवर वापरूं लागले. १९८० नंतरच्या दशकांत तेथील केंद्रीय पोलीस खात्यानें तो माणसांसाठीं स्वीकारला, तेव्हांपासून त्याचा जगभर प्रसार झाला. आपल्या देशानें त्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग पाहिला तो मात्र भलत्याच ठिकाणीं. १३ फेब्रुवारी २०१४ या दिवशीं तेलंगणाच्या विधेयकावरून गोंधळ चालला असतां एका सभासदानें प्रत्यक्ष लोकसभेंत हा फवारा उडविला. सभागृह रिकामें करावें लागलें आणि कांहीं सभासदांना रुग्णालयांत न्यावें लागलें. त्या प्रसंगाच्या शोभेविषयीं मी बोलत नाहीं. पण एक धडा त्यांत आहे. एवढ्या प्रशस्त दालनांत एका डबीनें शत्रु, मित्र आणि तटस्थ यांपैकीं कोणालाही वगळलें नाहीं. मग रिक्षेंत, उद्वाहकांत किंवा बंद मोटारींत काय होईल याचा विचार करावा. चालत्या रिक्षेच्या चालकावर फवारा मारला तर त्याचे डोळे मिटतात आणि रिक्षा उलटते. आंत बसलेली मुलगीही तिच्याबरोबर उलटते. तेथें वाहन थांबल्यावर, दार किंवा उघडी बाजू आपल्या हाताशीं ठेवून, अगदीं निरुपाय झाला तरच तो वापरावा आणि त्याच क्षणीं बाहेर पडावें.

आतां वापरण्याविषयीं. माझी नात पुण्यास शिकते. सुटींत ती घरीं आली असतां मीं तिला विचारलें, "बाळ, ती डबी जवळ असते ना?" ती म्हणाली, "असते कीं, आजोबा, पिशवींतच असते." मीं म्हटलें, "मी आंकडे मोजतों, तूं ती काढून दाखव." पिशवींतून प्रथम पाण्याची बाटली निघाली, मग डबा, मग एक छत्री, मग कसल्याशा तारांचें भेंडोळें. मी चौदापर्यंत पोंचलों तेव्हां डबी हातीं लागली, आणि खटका कोणत्या बाजूस सरकवावयाचा हें पाहण्यांत आणखी चार आंकडे गेले. धांवत येणारा माणूस सहा-सात मीटर अंतर दोन सेकंदांच्या आंत कापतो. नात हुशार आहे. पुढें मला कांहीं सांगावें लागलें नाहीं. आतां ती डबी किल्ल्यांच्या जुडग्याला अडकविलेली असते, आणि निर्जन रस्ता आला कीं मुठींत असते.

मुठींत कशी असावी हेंही सांगतों. चार बोटांनीं डबी घट्ट धरावी आणि कळेवर आंगठा ठेवावा. तर्जनीनें दाबूं गेल्यास पकड ढिली होते आणि झटापटींत डबी हिसकली जाते. फवाऱ्याचें तोंड कोठें आहे हें न पाहतां बोटाला समजलें पाहिजे. बहुतेक लहान डब्यांची धार दोन ते चार मीटर जाते. म्हणून समोरचा अगदीं अंगाला भिडेपर्यंत वाट पाहूं नये आणि तो रस्त्याच्या पलीकडे असतांना उगाच डबी रिकामीही करूं नये. "मागें हो" असें मोठ्यानें ओरडावें. त्या ओरडण्यानें तीन कामें होतात: आसपासच्या लोकांना समजतें, आपला श्वास कोंडत नाहीं, आणि तो मनुष्य खरोखर वाट चुकलेला गरीब असेल तर तो थांबतो. न थांबल्यास डोळ्यांच्या रोखानें, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आडवी धार मारावी, एक-दोन सेकंद, आणि लगेच बाजूला सरकावें. बाजूला अशासाठीं कीं, डोळे मिटलेला माणूस सरळ रेषेंत पुढें येतो. तो जेथें आपल्याला शेवटचें पाहिलें तेथेंच हात घालतो. नंतर पळावें. उजेडाकडे, दुकानांकडे, माणसांकडे पळावें, आणि पळतां पळतां किंवा सुरक्षित जागीं पोंचल्यावर ११२ हा क्रमांक फिरवावा.

पळावें या शब्दाचा पुष्कळांना राग येतो. विशेषतः तरुण मुलांना वाटतें कीं शत्रु आंधळा झाला आहे तर त्याला दोन ठेवून द्याव्यात. तें करूं नये. सर्वांवर या फवाऱ्याचा परिणाम सारखा होत नाहीं. दारूच्या किंवा संतापाच्या भरांत असलेला माणूस डोळे मिटूनही झोंबूं शकतो, आणि त्याच्या अंगावरील अर्क आपल्या हातांना लागून आपलेच डोळे जातात. फवारा शत्रूला मारीत नाहीं. तो आपल्याला वेळ मिळवून देतो. अर्धा मिनिट मिळाला तर त्यांत दीडशें पावलें पळतां येतें.

वाऱ्याकडे लक्ष द्यावें. तुषारांच्या फवाऱ्याला नेम फारसा लागत नाहीं, पण वारा उलटा असला तर तो आपल्याकडे परततो. पातळ धारेचा किंवा चिकट जेलचा फवारा वाऱ्याला कमी जुमानतो, पण त्याला नेम लागतो. कोंकणकिनाऱ्यावर किंवा डोंगराळ भागांत राहणाऱ्यांनीं दुसरा प्रकार घ्यावा असें मला वाटतें.

चुकून कोणाच्या डोळ्यांत गेलाच तर काय करावें? चोळूं नये. मोकळ्या हवेंत यावें, डोळ्यांतील कांचा म्हणजे लेन्स असल्यास काढून टाकाव्यात, आणि भरपूर गार पाण्यानें दहा-पंधरा मिनिटें डोळे धुवावेत. कातडीवरचा तेलकटपणा साबणानें घालवावा, कपडे बदलावेत. दुधानें लगेच बरें वाटतें अशी समजूत सर्वत्र आहे. २००८ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत दूध, लहान मुलांचा शांपू, आम्लनाशक औषध, बधिरता आणणारें मलम आणि साधें पाणी यांची तुलना करण्यांत आली. पाण्याहून सरस कोणीच ठरलें नाहीं. जसजसा वेळ गेला तसतशी आग कमी झाली. श्वास घेण्यास जड जात असेल किंवा तासाभरानंतरही नीट दिसत नसेल तर मात्र वैद्याकडे नेण्यास विलंब करूं नये.

कायद्याविषयीं लोकांच्या मनांत दोन टोकांच्या कल्पना असतात. कोणी भितो कीं फवारा मारला तर आपणच तुरुंगांत जाऊं. कोणी समजतो कीं फवाऱ्याला सर्व गुन्हे माफ आहेत. आपल्याकडे ही डबी बाळगण्यास परवाना लागत नाहीं. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क सांगितला आहे. तो केवळ स्वतःच्या शरीरापुरता नाहीं. शेजारून जाणाऱ्या अनोळखी बाईवर कोणी हात टाकला तर तिच्या रक्षणासाठींही तो आहे. धोक्याची रास्त भीति उत्पन्न होतांच हक्क सुरू होतो. पहिला घाव बसेपर्यंत थांबावें असें कायदा म्हणत नाहीं. पण भीति संपतांच हक्कही संपतो, आणि जरुरीहून अधिक इजा करण्याची मोकळीक नाहीं. पळून जाणाऱ्याच्या पाठीमागें धांवून फवारा मारणें हें स्वसंरक्षण नव्हे. शेजाऱ्याशीं वाहन लावण्याच्या जागेवरून भांडतांना मारणें तर नव्हेच. २०२४ सालीं कर्नाटक उच्च न्यायालयापुढें अशाच एका झगड्याचें प्रकरण आलें होतें. आम्ही स्वसंरक्षणार्थ फवारा मारला असें आरोपींचें म्हणणें होतें. जिवाला तात्काळ धोका नसतां तो वापरला गेल्याचें दिसतें असें म्हणून न्यायालयानें खटला रद्द करण्याचें नाकारलें, आणि हा फवारा धोकादायक शस्त्रांत मोडतो असें मत दिलें. म्हणून वापरल्यावर गप्प बसूं नये. आपण होऊन पोलिसांत जावें, काय घडलें तें सांगावें. घटना कोणत्या ठाण्याच्या हद्दींतली हा वाद पोलिसांनीं घालावयाचा नाहीं; नव्या संहितेप्रमाणें कोणत्याही ठाण्यांत फिर्याद नोंदवितां येते.

परदेशीं शिकावयास जाणाऱ्या मुलांच्या पालकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं इंग्लंडांत १९६८ च्या शस्त्रविषयक कायद्यानें हा फवारा बाळगणेंच गुन्हा आहे, आणि कॅनडांत माणसांवर वापरण्यासाठीं बनविलेला फवारा निषिद्ध शस्त्रांत मोडतो. प्रेमानें बांधून दिलेल्या लाडवांच्या डब्यांत आईनें ही डबीही घातली तर मुलीला विमानतळावरच अडचण येईल. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या नियमांत ती हातांतल्या सामानांत चालत नाहीं आणि मोठ्या सामानांतही चालत नाहीं.

इतका वेळ मी रस्त्यावरील अनोळखी माणसाविषयीं बोललों. आतां ज्या गोष्टीविषयीं बोलावयाचें आहे ती घरांत बोलली जात नाहीं, आणि तीस वर्षांहून अधिक काळ मुलांमुलींना शिकवल्यावर ती न बोलणें मला बरोबर वाटत नाहीं. बलात्काराच्या ज्या फिर्यादी आपल्या देशांत नोंदल्या जातात, त्यांतील शेकडा नव्वदांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, असें राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षें सांगत आहेत. नातलग, शेजारी, मालक, मित्र, शिकवणीचा मास्तर. आमच्या धंद्याचें नांव या यादींत येतें हें लाजिरवाणें आहे, पण येतें. अशा माणसावर मुलगी फवारा मारीत नाहीं. डबी तिच्या हाताशीं असली तरी मारीत नाहीं. कारण ज्याला काका म्हणावयास शिकवलें त्याच्यावर शस्त्र कसें उगारावें हें तिला कोणीं शिकवलेलें नसतें, आणि घरचे लोक त्याच्यापेक्षां तिच्यावर विश्वास ठेवतील याची तिला खात्री नसते.

म्हणून डबी देणाऱ्या प्रत्येक आईबापानें डबीबरोबर आणखी कांहीं द्यावें. तिला स्पष्ट शब्दांत सांगावें कीं, तुझ्याशीं कोणीही अयोग्य वागला तर तूं ज्याचें नांव सांगशील त्याचें सांग, मग तो माझा सख्खा भाऊ कां असेना. मी ऐकून घेईन आणि तूं तेथें कां गेली होतीस असें प्रथम विचारणार नाहीं. हें एकदां सांगून भागत नाहीं. मुलें आपल्या चेहऱ्याकडे पाहून ठरवितात कीं हा माणूस ऐकेल कीं नाहीं. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर हा केवळ घरचा प्रश्न राहत नाहीं. २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याप्रमाणें असा गुन्हा ज्याला ज्याला कळला त्याच्यावर तो कळविण्याची जबाबदारी आहे, आणि दडवून ठेवणें हाच एक गुन्हा आहे. मुलांसाठीं १०९८ आणि स्त्रियांसाठीं १८१ हे क्रमांक आहेत. ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावेत, म्हणजे कोणालाही न विचारतां सांपडतील. हें सारें मुलांनाही लागू आहे. मुलग्यांवर असले प्रसंग येतच नाहींत अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं कोणत्याही अनुभवी शिक्षकाला खासगींत विचारावें.

शाळकरी मुलींना डबी द्यावी कां, असें कांहीं पालक विचारतात. संध्याकाळीं शिकवणीहून एकटी परतणारी नववी-दहावींतली मुलगी असेल तर द्यावी. पण शाळेच्या वर्गांत ती दप्तरांत जाऊं देऊं नये. मधल्या सुटींत गंमत म्हणून कोणी कळ दाबली तर चाळीस मुलें खोकत बाहेर येतील आणि त्यांत दम्याचें एखादें मूल असेल. मुख्याध्यापकांशीं बोलून ती कार्यालयांत ठेवण्याची व जातांना परत घेण्याची व्यवस्था करतां येते.

शेवटीं डबीच्या मुदतीविषयीं. बुडाशीं किंवा कडेला एक तारीख छापलेली असते. बहुधा ती दोन-चार वर्षांनंतरची असते. अर्क तोपर्यंत टिकतो, पण आंतला दाब हळूहळू उतरतो आणि धार पायाशीं पडूं लागते. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत डबी ठेवूं नये, चुलीजवळ ठेवूं नये. मुदत संपलेली डबी तशीच घंटागाडींत टाकूं नये. मोकळ्या मैदानांत, वाऱ्याकडे पाठ करून, ती मुलीच्याच हातून एका झाडाच्या बुंध्यावर रिकामी करवावी, म्हणजे कळ किती जोरानें दाबावी लागते आणि धार किती लांब जाते हें तिला कळेल. तें करतांना लहान भावंडांना आणि घरच्या कुत्र्याला मैदानावर नेऊं नये, आणि परत आल्यावर तिनें साबणानें हात धुतल्यावांचून डोळ्यांना लावूं नयेत.